कौतुक वेगळे, साक्ष वेगळी



जत्रेत जडीबुटी विकणारा माणूस आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. तो आरडाओरड करून गर्दी जमवतो, मुळीचे गुण सांगतो. कोणी पुढे येत नाही असे दिसताच गर्दीतून एक हात वर होतो : "मागच्या जत्रेत नेली होती, आईचा गुडघा बरा झाला. आणखी दोन द्या." मग दुसरा हात वर होतो, तिसरा होतो आणि बघता बघता टोपली रिकामी होते. जत्रा उठल्यावर विकणारा आणि ते पहिले गिऱ्हाईक एकाच टेम्पोत बसून पुढच्या गावाला जातात, हे मात्र कोणी पाहत नाही.

ही युक्ती आपल्याला ठाऊक आहे. जत्रेत आपण सावध असतो. पण तीच युक्ती मोबाइलच्या पडद्यावर आली, की आपली सावधगिरी सैल पडते. साडीचे पोत हाताला लागत नाही, मिक्सरचा आवाज ऐकू येत नाही, दुकानदाराचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो फक्त आकडा : इतके तारे, इतक्या हजार लाईक्स, इतके लाख फॉलोअर्स. आपण वस्तूच्या आधी आकडा पाहतो आणि आकड्यावर विश्वास ठेवून पैसे भरतो. हा आकडा कोठून येतो, तो आपल्या मनावर कसा चालतो आणि तो फुगवण्यात आपला स्वतःचा हात किती असतो, याचा विचार आपण प्रस्तुत लेखात करू.

१. दुसऱ्याचे पाहून ठरवणे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. दुसऱ्याचे पाहून निर्णय घेणे हा काही मूर्खपणा नव्हे. नव्या गावात राहायला गेलेली गृहिणी शेजारणीला विचारते, "डॉक्टर कोणता चांगला?" प्रत्येक गोष्ट स्वतः पारखून घ्यायची म्हटली, तर आयुष्य पुरणार नाही. माणसाच्या ज्ञानाचा फार मोठा भाग दुसऱ्याच्या शब्दावर उभा असतो.

ही ओढ किती सहज असते याचा एक साधा प्रयोग स्टॅन्ली मिलग्रम या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह न्यू यॉर्कच्या एका गजबजलेल्या पदपथावर केला. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी आपला एक माणूस उभा करून त्याला एका इमारतीच्या खिडकीकडे वर पाहायला सांगितले. जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी ४ टक्के लोक त्याच्याजवळ थांबले. मग १५ माणसे उभी केली. आता ४० टक्के लोक थांबले आणि ८६ टक्के लोकांनी वर पाहिले. खिडकीत पाहण्यासारखे काहीच नव्हते.

रस्त्यावरची ती १५ माणसे निदान हाडामांसाची होती. पडद्यावरची १५ हजार माणसे हाडामांसाची आहेत का, हा आजचा प्रश्न आहे.

२. साक्षीदार कोणाला म्हणावे?

भारतीय न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधने मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याने सांगितलेले. परंतु कोणाचाही शब्द प्रमाण नव्हे. तो 'आप्ता'चा शब्द असावा लागतो. आपण मराठीत नातेवाइकाला आप्त म्हणतो. न्यायदर्शनात आप्त म्हणजे विश्वासार्ह माणूस. त्याच्या कसोट्या साध्या आहेत. एक, त्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली असावी. दोन, जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. तो कोणत्या जातीचा वा देशाचा, याला महत्त्व नाही.

या दोन कसोट्या लाईकला आणि ताऱ्यांना लावून पाहा. पाच तारे देणाऱ्याने ती वस्तू वापरली आहे का? आणि वापरली असेल, तर जसे वाटले तसेच तो सांगतो आहे का? दोन्ही उत्तरे 'हो' असतील, तर तो एकटा माणूसही साक्षीदार आहे. दोन्ही 'नाही' असतील, तर तशी दहा हजार माणसे मिळूनही एक साक्ष होत नाही. शून्याला दहा हजारांनी गुणले तरी शून्यच उरते. आकडा आपल्याला फसवतो तो येथे. साक्षीदार मोजणे आणि साक्ष तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण विसरतो.

३. पसंती विकत कशी मिळते?

भाड्याने टाळ्या मिळवण्याचा धंदा जुना आहे. १८२० साली पॅरिसमध्ये नाट्यगृहांना अशी माणसे पुरवणारी कचेरीच निघाली होती. कोणी हसायचे, कोणी रुमालाने डोळे पुसायचे, कोणी 'पुन्हा एकदा' म्हणून ओरडायचे, अशी कामांची वाटणीही ठरलेली असे. आज कचेरी बदलली, काम तेच राहिले. त्याचे काही प्रकार पाहू.

पहिला प्रकार बनावट खात्यांचा. अमेरिकेतील डेव्हुमी नावाच्या कंपनीचा व्यवहार २०१८ च्या जानेवारीत 'न्यू यॉर्क टाइम्स'ने उघडकीस आणला. या कंपनीने सुमारे २० कोटी फॉलोअर्स विकले होते. त्यांतील हजारो खात्यांवर खऱ्या माणसांची, अगदी अल्पवयीन मुलांचीही, नावे आणि छायाचित्रे परस्पर वापरली होती. हा धंदा आपल्यापासून दूर नाही. २०२० च्या जुलै महिन्यात मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने बनावट फॉलोअर्स आणि लाईक्स विकणारी टोळी शोधून काढली. एका गायिकेने आपल्या नावाचे खोटे खाते कोणीतरी उघडल्याची तक्रार केली होती, त्यातून हा तपास सुरू झाला.

दुसरा प्रकार लाईक्सच्या कारखान्याचा. २०१७ च्या जूनमध्ये थायलंडमध्ये कंबोडियाच्या सीमेजवळ एका भाड्याच्या घरावर पोलिसांनी छापा घातला. आत मांडण्यांवर ओळीने लावलेले पावणेपाचशेच्या आसपास मोबाइल आणि सुमारे साडेतीन लाख सिमकार्डे सापडली. तीन माणसे हा सगळा पसारा चालवत होती. एका चिनी समाजमाध्यमावर ठरावीक वस्तूंच्या लाईक्स वाढवणे हे त्यांचे काम होते.

तिसरा प्रकार अधिक कावेबाज आहे, कारण त्यात गिऱ्हाईक खरे असते. फेसबुकवरील गटांतून विक्रेता माणसे गाठतो. "वस्तू तुमच्या पैशांनी मागवा, पाच तारे द्या, चार चांगले शब्द लिहा, पैसे आम्ही परत करू." अशा गटांतून ॲमेझॉनवर खपवल्या जाणाऱ्या सुमारे १,५०० वस्तूंचा अभ्यास अमेरिकेतील तीन संशोधकांनी केला. तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. अभिप्राय विकत घेणे चालू असताना तारे आणि विक्री वाढत होती. ते थांबताच तारे घसरू लागले आणि एक तारा देणाऱ्यांचे प्रमाण वाढले. हे एक तारावाले म्हणजे भुलून वस्तू घेतलेले खरे ग्राहक. म्हणून 'खात्रीशीर खरेदी' असा शिक्का दिसला, तरी तेवढ्याने साक्ष खरी ठरत नाही. त्याच वर्षी ॲमेझॉनने फेसबुकवरील अशा १०,००० हून अधिक गटांच्या चालकांवर दावा दाखल केला, यावरून या बाजाराचा पसारा ध्यानात यावा.

आणि याला खर्च तरी किती? लॅटव्हियातील रिगा येथे नाटो संघटनेशी संलग्न असे एक अभ्यासकेंद्र आहे. त्यांनी २०१९ साली स्वतःच गिऱ्हाईक होऊन पाहिले. अवघ्या ३०० युरोंत त्यांना ३,५३० प्रतिक्रिया, २५,७५० लाईक्स, २०,००० व्ह्यूज आणि ५,१०० फॉलोअर्स मिळाले. चार आठवड्यांनंतरही दर पाचांपैकी चार तेथेच टिकून होते.

४. पहिला आकडा पुढचे आकडे खेचतो

"थोडे विकतचे असतील, पण बाकीचे तर खरे असतील ना?" असे कोणी विचारील. येथेच या प्रकारातली खरी मेख आहे. विकतची पसंती खऱ्या माणसांनाही आपल्या दिशेने वळवते.

२०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बातम्यांच्या एका संकेतस्थळावर पाच महिन्यांत आलेल्या एक लाखाहून अधिक वाचक-प्रतिक्रियांपैकी काहींना संशोधकांनी, गुणदोष न पाहता, चिठ्ठी टाकावी तशी एक पसंती देऊन ठेवली. त्या एका पसंतीमुळे पुढच्या वाचकाने पसंती देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटी त्या प्रतिक्रियांचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी अधिक भरले. उलट ज्यांना मुद्दाम नापसंती दिली होती, त्यांना वाचकांनी सावरून घेतले. म्हणजे खोट्या निंदेला लोक काही प्रमाणात ओळखतात. खोट्या स्तुतीला मात्र आपण सहज सामील होतो.

दुसरा प्रयोग गाण्यांचा. अमेरिकेतील संशोधकांनी अप्रसिद्ध गायकांची ४८ गाणी लोकांपुढे ठेवली. पुढे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या भागात त्यांनी लोकप्रियतेचा क्रम मुद्दाम उलटा करून दाखवला : तळाचे गाणे वर, वरचे तळाला. काही गाणी त्या खोट्या आकड्याच्या जोरावर खरोखरच लोकप्रिय झाली. सर्वांत चांगली गाणी मात्र हळूहळू पुन्हा वर येऊ लागली. आणि आणखी एक गोष्ट घडली. जेथे आकडे खोटे होते, तेथे लोकांनी एकूणच कमी गाणी उतरवून घेतली. खोटा आकडा एखाद्याला वर चढवतो, पण सगळा बाजार उदास करतो.

५. नुकसान कोणाचे?

नुकसान प्रथम ग्राहकाचे, हे उघड आहे. चारशे रुपयांचे ब्लेंडर बिघडले तर आपण चुकचुकतो आणि विसरतो. पण लहान मुलांची औषधे, चेहऱ्याला लावायची मलमे, विजेचे चार्जर यांच्या बाबतीत खोटी स्तुती जिवावर बेतू शकते.

दुसरे नुकसान प्रामाणिक विक्रेत्याचे. आपल्या धर्मग्रामातच घरगुती मसाले, लोणची, नाताळचे केक करून विकणाऱ्या भगिनी आहेत. त्यांच्या पानावर साठ लाईक्स असतात आणि त्या साठही ओळखीच्या गिऱ्हाइकांच्या असतात. शेजारी विकतच्या सहा हजार लाईक्सचे पान उभे राहिले, की खऱ्या साठ खोट्या वाटू लागतात. अमेरिकेतील सिएटल शहराच्या उपाहारगृहांचा अभ्यास करणारे प्राध्यापक मायकल लुका यांना असे आढळले, की एक तारा वाढला तर स्वतंत्र मालकीच्या उपाहारगृहाचे उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते. मोठ्या साखळीतल्या उपाहारगृहांवर असा परिणाम दिसला नाही. म्हणजे ताऱ्यांची गरज आणि ताऱ्यांचा मोह, दोन्ही लहान माणसालाच अधिक.

तिसरे नुकसान साक्षीचेच. खोट्या नोटा वाढल्या, की दुकानदार खरी नोटही उजेडात धरून पाहतो. शब्दाचेही तसेच आहे.

६. साक्षीदार आपणच

आतापर्यंत आपण इतरांविषयी बोललो. आता स्वतःकडे वळू.

२०१७ साली लंडनमध्ये ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने आपल्या अंगणातल्या शेडचे नाव उपाहारगृह म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर नोंदवले. खाद्यपदार्थांच्या छायाचित्रांत त्याने दाढीचा फेस आणि भांडी घासण्याच्या वड्या वापरल्या होत्या. तेथे कोणी कधी जेवलेच नव्हते. तरीही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ती शेड लंडनमधील पहिल्या क्रमांकाचे उपाहारगृह ठरली. लोक टेबलासाठी फोन करत आणि "जागा नाही" हे उत्तर ऐकून अधिकच उत्सुक होत. ही किमया मोबाइलच्या कारखान्याने केली नव्हती. अभिप्राय लिहिले होते त्याच्या मित्रांनी आणि ओळखीच्यांनी. 'दोस्ताचे काम आहे, करून टाकू', एवढेच.

आपल्याकडेही असे संदेश येतात. "आपल्या गावच्या मुलाने हॉटेल टाकले आहे. सर्वांनी लिंकवर जाऊन पाच तारे द्या." मुलाविषयीची आपुलकी खरी असते. पण त्या हॉटेलात आपण जेवलो नसू, तर ते तारे वाचून जाणारा परगावचा माणूस आपल्या शब्दावर जातो. पुतण्याच्या छायाचित्राला लाईक देणे हे कौतुक आहे. न चाखलेल्या जेवणाला पाच तारे देणे ही साक्ष आहे, आणि ती खोटी आहे. आठवी आज्ञा खोट्या साक्षीला मनाई करते. न्यायालयातल्या साक्षीला जे लागू, ते बोटाने दिलेल्या साक्षीलाही लागू आहे. भांडणाच्या रागातून एखाद्या दुकानाला एक तारा देणे, हीदेखील त्याच नाण्याची दुसरी बाजू.

येथे आमच्या युवक-युवतींना विशेष सांगावेसे वाटते. "घरबसल्या कमाई करा, व्हिडिओ लाईक करा, हॉटेलांना तारे द्या, दर लाईकला पन्नास रुपये" असे संदेश व्हॉट्सॲपवर आणि टेलिग्रामवर फिरतात. पहिले शे-दीडशे रुपये खरोखर खात्यात येतात. मग एका गटात घेतले जाते. तेथे इतर सदस्य आपापल्या कमाईची छायाचित्रे टाकत असतात. जत्रेत हात वर करणारे तेच हे लोक. त्यानंतर 'मोठ्या कामासाठी' आधी पैसे भरायला सांगतात. पडद्यावर जमा रक्कम वाढताना दिसते, पण काढायला गेले की कर भरा, शुल्क भरा, असे म्हणत आणखी उकळतात. काही कुटुंबांची लाखांची बचत अशी गेली आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने अशा फसव्या नोकऱ्या आणि गुंतवणुकीची १०० हून अधिक संकेतस्थळे बंद केली, तरी नवी उघडतच असतात. जो धंदा खोटी साक्ष विकत घेण्यापासून सुरू होतो, तो साक्षीदारालाच लुबाडून संपतो, यात नवल ते काय?

७. साक्ष कशी तपासावी?

दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नाची कथा आपल्याला परिचित आहे. दोन मान्यवर वडीलधाऱ्यांनी एकाच शब्दांत साक्ष दिली आणि सभेने ती मान्य केली. तरुण दानिएलने साक्षीदार मोजले नाहीत. त्याने त्यांना वेगवेगळे करून एकच बारीक प्रश्न विचारला : कोणत्या झाडाखाली? दोघांनी दोन झाडांची नावे सांगितली आणि खोटे उघडे पडले. बारीक तपशील विचारणे, हीच आजही उत्तम कसोटी आहे.

• "एकदम मस्त, नक्की घ्या" यात साक्ष नाही. "तीन धुण्यांत रंग गेला, पण कापड जाड आहे" यात आहे. तपशील शोधा.
• पाच तारे आणि एक तारा बाजूला ठेवून दोन-तीन ताऱ्यांचे अभिप्राय आधी वाचा. विकत घेणारा सहसा मधले तारे विकत घेत नाही.
• तारखा पाहा. महिनाभर शांतता आणि मग दोन दिवसांत शेकडो स्तुतिपर अभिप्राय, असे असेल तर सावध व्हा.
• अभिप्राय त्याच वस्तूचा आहे का, ते पाहा. चार्जरच्या पानाखाली बेडशीटची स्तुती दिसली, तर जुने अभिप्राय नव्या वस्तूला चिकटवले आहेत असे समजा.
• विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि वस्तू परत करण्याचे नियम वाचा. फॉलोअर्स लाखांत, पण पत्ता नाही आणि पैसे आधीच मागतात, अशा पानापासून दूर राहा.
• महागडी वस्तू असेल, तर ती वापरणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला फोन करा. तो एक फोन हजार ताऱ्यांहून मोलाचा.

८. कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये झाला आणि त्याखालील ई-वाणिज्य नियम २०२० मध्ये आले. त्यानुसार विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. फसव्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी वेगळे मानक आणले. ते जाहीर झाले तेव्हा ऐच्छिक होते. अमेरिकेत २०२४ च्या ऑक्टोबरपासून खोटे अभिप्राय आणि बनावट फॉलोअर्स यांच्या खरेदी-विक्रीवर बंदीचा नियम लागू झाला, तर ब्रिटनमध्ये खोट्या अभिप्रायांवर २०२५ च्या एप्रिलपासून बंदी आली. आपली फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. खात्यातून पैसे गेले असतील, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावे.

कायदा विकणाऱ्याला आवरू शकतो. पण घरात, रात्री, हातात मोबाइल घेऊन आपण कोणाला पाच तारे देतो, हे पाहायला पोलीस येणार नाही. तेथे आपली सदसद्विवेकबुद्धीच पहारेकरी. आम्ही सुचवू इच्छितो की या आठवड्यात प्रत्येकाने एक काम करावे. जी वस्तू किंवा सेवा आपण खरोखर वापरली आहे, तिच्याविषयी चार खऱ्या ओळी लिहाव्यात : काय चांगले, काय उणे. आणि घरगुती व्यवसाय करणाऱ्या एखाद्या भगिनीचा मसाला आवडला असेल, तर नुसता अंगठा न दाखवता काय आवडले ते लिहावे. खोट्या साक्षींच्या गर्दीत एक खरी साक्ष कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या वर्षभरात केवळ तारे किंवा लाईक्स पाहून आपण कोणती वस्तू घेतली? अनुभव काय आला?
२. न वापरलेल्या वस्तूला किंवा सेवेला पसंती देण्याची विनंती जवळच्या माणसाने केली, तर त्याचे मन न दुखावता आपण काय सांगू?
३. आपल्या धर्मग्रामातील लहान विक्रेत्यांना खऱ्या अभिप्रायांतून कशी मदत करता येईल?